‘प्युअर डेटा’ आणि मोबाइलवरील प्रतिसादी संगीत : एक मागोवा

श्रोत्याची हालचाल, भोवतालचा आवाज किंवा पडद्यावरील स्पर्श यांनुसार ज्याची घडण त्या त्या क्षणी बदलते, असे प्रतिसादी संगीत १९८०च्या दशकात संशोधनसंस्थांमधील महागड्या यंत्रांपुरते मर्यादित होते. पॅरिसच्या ‘इर्काम’ संस्थेत मिलर पकेट यांनी त्याच दशकात ‘मॅक्स’ हे सॉफ्टवेअर घडवले. त्यात ओळीमागून ओळ प्रोग्राम लिहिण्याऐवजी छोट्या चौकटी पडद्यावर मांडून त्या रेषांनी एकमेकींना जोडायच्या असतात, आणि या जोडणीलाच ‘पॅच’ म्हणतात. मॅक्स पुढे विक्रीचे उत्पादन झाले. पकेट यांनी मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेत १९९६ मध्ये त्याच कल्पनेवर ‘प्युअर डेटा’ नव्याने लिहिले आणि त्याचा स्रोत सर्वांसाठी खुला ठेवला.

हे सॉफ्टवेअर हातात मावणाऱ्या उपकरणावर नेण्याचा प्रयत्न आयफोनच्याही आधीचा आहे. २००३ च्या सुमारास गुंटर गायगर यांनी लिनक्सवर चालणाऱ्या खिशातील संगणकांसाठी त्याची ‘पीडीए’ ही आवृत्ती तयार केली. त्या उपकरणांच्या प्रोसेसरमध्ये दशांश अपूर्णांकांचे गणित वेगाने करण्याची सोय नव्हती. म्हणून ध्वनीची सारी आकडेमोड पूर्णांकांत बसवावी लागली, आणि या खटाटोपाला मिळालेली प्रसिद्धी त्याच्या योग्यतेच्या मानाने फारच थोडी म्हणावी लागेल.

लोकांपर्यंत ही कल्पना पोहोचली ती २००८ मध्ये, लंडनमधून निघालेल्या ‘आरजेडीजे’ या आयफोन ॲपमुळे. ॲपच्या पोटात प्युअर डेटा होते. मायक्रोफोनने टिपलेला रस्त्यावरचा गोंगाट पॅचमधून फिरून रूपांतरित संगीताच्या रूपाने श्रोत्याच्या हेडफोनमध्ये परतत असे. अशा प्रत्येक रचनेला ‘सीन’ म्हणत, आणि प्युअर डेटा जाणणारा कोणीही संगीतकार ती स्वतः रचू शकत असे. २०१० मध्ये ‘इन्सेप्शन’ चित्रपटाच्या संगीतावर आधारलेले ॲपही याच चमूने काढले.

त्याच वर्षी पीटर ब्रिंकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लिबपीडी’ सिद्ध केले, आणि या सगळ्या इतिहासातील निर्णायक पाऊल तेच होय. प्युअर डेटाचा ध्वनी घडवणारा गाभा त्यांनी त्याच्या खिडक्या-चौकटींपासून सोडवून कोणत्याही ॲपमध्ये बसवता येईल असा सुटा केला, त्यामुळे संगीतकाराने पॅच रचावा आणि प्रोग्रामरने पडद्याचे रूप घडवावे अशी कामाची वाटणी शक्य झाली. त्याच्या प्रसाराचे श्रेय तंत्राइतकेच परवान्यालाही द्यावे लागते. प्युअर डेटाचा बीएसडी परवाना बंदिस्त, विकाऊ ॲपमध्येही वापराची मुभा देतो; याउलट अधिक कडक अटींच्या जीपीएल परवान्याचा ॲपलच्या दुकानाच्या अटींशी मेळ बसेना, आणि ‘व्हीएलसी’ हा प्रसिद्ध प्लेअर २०११ च्या आरंभी याच वादातून तेथून काढला गेला.

अडचण उरली ती विलंबाची, म्हणजे स्पर्श आणि नाद यांच्यामधील अंतराची. प्युअर डेटा एका वेळी ध्वनीचे ६४ नमुने मोजते आणि सेकंदाला ४४,१०० नमुने धरल्यास त्याला दीड मिलिसेकंदही लागत नाही; परंतु सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांमध्ये प्रणालीचा स्वतःचा विलंब १०० मिलिसेकंदांच्या वर जाई, आणि तेवढ्या अंतराने तालवाद्य वाजवणे अशक्यप्राय होते. आयफोनची स्थिती याबाबतीत पहिल्यापासून बरी होती. अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून ‘एऑडिओ’ ही कमी विलंबाची वाट आली, तोवर प्रतिसादी संगीताचे बरेच प्रयोग ॲपलच्या उपकरणांकडे झुकले होते.

दरम्यान डॅनियल इग्लेसिया यांचे ‘मॉबम्युप्लॅट’, ख्रिस मॅकॉर्मिक यांचे ‘पीडीड्रॉइडपार्टी’ आणि डॅन विल्कॉक्स यांचे ‘पीडीपार्टी’ अशी मुक्त साधने पुढे आली; त्यांच्यामुळे स्वतंत्र ॲप न लिहिता पॅच थेट फोनवर चालवता येऊ लागला. आरजेडीजे काही वर्षांतच बंद पडले. मात्र पॅच ही साध्या अक्षरांत लिहिलेली फाइल असल्याने त्याच्यासाठी रचलेले सीन ॲपबरोबर नाहीसे झाले नाहीत, आणि पीडीपार्टीमध्ये ते चालवण्याची सोय मुद्दाम ठेवलेली आहे.