गैरहजर म्हणजे नापास नव्हे

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं ईट हे गाव साधारण साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे तिथे वर्षातून दोनदा, मेच्या मध्याच्या सुमाराला आणि जुलैच्या अखेरीस, भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. समजा, तिथल्या नववीच्या मुलांनी हे दिवस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. गावाचं नाव द्यायचं. प्रोग्रॅम इंटरनेटवरून अक्षांश विचारून घेतो आणि सूर्याची क्रांती त्या अक्षांशाएवढी कधी होते ते शोधतो.

गणित चुकत नाही ना, हे पाहायला मुलांनी चाचणीही लिहिली : ‘ईट’ दिल्यावर पहिली तारीख मे महिन्यातलीच आली पाहिजे. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की संगणक ही चाचणी आपोआप चालवतो. सोमवारी पास, मंगळवारी पास, बुधवारी नापास! मुलं सूत्र तपासतात, कंस मोजतात. चूक सापडत नाही, कारण ती नाहीच. शाळेतलं नेट बंद आहे.

असं चारदा झालं की ‘नापास’ दिसूनही कोणी लक्ष देत नाही. ज्या दिवशी कोणाच्या हातून खरंच अधिकचं उणे झालेलं असतं, त्या दिवशीही ‘नेट नसेल’ म्हणून सगळे पुढे जातात. मग चाचणी लिहिली काय नि न लिहिली काय!

मुळात तपासायचं काय होतं? गणित. त्याला इंटरनेट लागत नाही, फक्त एक संख्या लागते. म्हणून प्रोग्रॅमचे दोन भाग करायचे : एक अक्षांश आणणारा, दुसरा तारखा काढणारा. दुसऱ्याला थेट 18.5 द्या, मे आणि जुलै आले पाहिजेत. दिल्लीचे 28.6 द्या, ‘असा दिवस नाही’ हे उत्तर हवं, कारण सूर्य साडेतेवीस अंशांच्या उत्तरेला जातच नाही. शून्य द्या, मार्च आणि सप्टेंबर.

अक्षांश आणणाऱ्या भागासमोर एक तोतया उभा करतात. खऱ्या सेवेनं एकदा दिलेलं उत्तर साठवून ठेवायचं आणि तोतयानं दर वेळी तेच द्यायचं. याचा आणखी एक फायदा आहे. तोतयाला मुद्दाम गप्प बसवता येतं. नेट नसताना प्रोग्रॅम नीट निरोप देतो की नुसताच अडकून बसतो, हे हवं तेव्हा पाहता येतं.

पण साठवलेलं उत्तर शिळं होतं. सेवेनं उत्तराची मांडणी बदलली तर तोतयाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून खऱ्या सेवेला विचारणाऱ्या एक-दोन चाचण्या ठेवाव्याच लागतात, मात्र वेगळ्या खूण करून.

खगोलशास्त्रज्ञ वापरतात त्या ‘अ‍ॅस्ट्रोपाय’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हेच केलेलं आहे. पृथ्वीचं फिरणं अगदी एकसारखं नसल्यामुळे त्याला तिच्या परिवलनाची ताजी कोष्टकं इंटरनेटवरून लागतात. नेट लागणाऱ्या चाचण्यांवर तिथे तशी खूण असते आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय त्या चालत नाहीत. खूण नसलेल्या चाचणीनं बाहेर डोकावायचा प्रयत्न केला तर तिला अडवलं जातं. लपलेलं अवलंबन असं उघडं पडतं.

न चाललेल्या चाचणीपुढे ‘वगळली’ असा शेरा येतो. हजेरीपटावरचा ‘गैरहजर’च म्हणा ना! गैरहजर मुलाला आपण नापास करत नाही, तसं पासही करत नाही. त्याची परीक्षा नंतर घेतो.

तुमच्या शाळेतल्या मुलांनी असा प्रोग्रॅम केला असेल, तर एकदा नेटची तार काढून सगळ्या चाचण्या चालवून पाहा. ज्या नापास होतील त्यांची यादी करा आणि प्रत्येकीसमोर मुलांना लिहू द्या : हिला खरोखर नेट हवं होतं, की नुसती एक संख्या?