सहलीची वर्गणी आणि अनंतस्पर्शी रेषा

समजा, कामरगावहून लोणारला सहल न्यावयाची आहे. गाडीभाडे एकूण 6000 रुपये, जेवण माणशी 100. विद्यार्थी ‘क्ष’ असतील, तर प्रत्येकाची वर्गणी य = (100क्ष + 6000) ÷ क्ष. हे परिमेय फलन होय.

छेद शून्य होतो तेथे, म्हणजे क्ष = 0 वर, उभी अनंतस्पर्शी रेषा; म्हणून य-अक्षावर अंतःखंड नाही. शून्याने भागलेल्या अशा राशीला भास्कराचार्यांनी ‘खहर’ म्हटले (1150). अंश शून्य केल्यास क्ष = −60. हा क्ष-अक्षावरील अंतःखंड, व्यवहारात निरर्थक.

आता क्ष वाढवू. 30 जणांत वर्गणी 300, 50 जणांत 220. गाडी कितीही मोठी धरली, तरी ती 100 च्या खाली जात नाही. हीच आडवी अनंतस्पर्शी रेषा.

म्हणून मी म्हणतो, ज्याला शंभर रुपयेही जड आहेत, त्याला नुसती संख्या वाढवून सहलीस आणता येणार नाही. शिदोरी घरून न्यावी. मग ती रेषाच शून्यावर उतरते.