1963चा गाळ कसा ओळखायचा?

खाडीकाठच्या मुलांना गाळ काही नवा नाही. ओहोटीला कुर्ल्या पकडायला उतरलं की पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि घरी गेल्यावर बोलणी बसतात. शास्त्रज्ञ मात्र हाच गाळ उभ्या नळीत जपून भरून नेतात आणि त्याचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करतात. कशाला? वाचायला!

एखाद्या तळ्याचा तळ डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात डोंगरावरून माती येते, हळूहळू खाली बसते. पुढच्या वर्षी तिच्यावर नवा थर. घडवंचीवर गोधड्या रचाव्यात तसं, जुनं खाली, नवं वर. पण कुठला थर कुठल्या सालचा?

याची खूण आभाळातून पडलेली आहे! काही मोठ्या देशांनी उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यातून सिझियम-137 नावाचा किरणोत्सारी पदार्थ उंच गेला आणि पावसाबरोबर जगभर थोडा थोडा उतरला. सगळ्यात जास्त उतरला तो 1963च्या सुमारास. त्याच वर्षी अमेरिका, रशिया आणि ब्रिटननं अशा चाचण्या थांबवायचा करार केला आणि मग तो कमी होत गेला. म्हणजे ज्या कापात सिझियम सर्वांत जास्त, तो 1963चा गाळ! तिथून वरची आणि खालची वर्षं मोजत जायची. स्वीडनमधल्या तळ्यांच्या गाळात तर रोमन लोकांच्या काळात धातू वितळवताना उडालेलं शिसंसुद्धा सापडलंय. दोन हजार वर्षं ते तिथंच आहे.

खाडीतला गाळ वाचणं जास्त अवघड. भरती-ओहोटी तो ढवळते, कुर्ल्या बिळं करून थर खालीवर करतात. तरी तो वाचायला हवा, असं मला फार वाटतं. विशेषतः आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ खाडीचा.

वाशिष्ठी सह्याद्रीतून निघून चिपळूणवरून येते, खेडची जगबुडी तिला मिळते आणि दाभोळला ते पाणी समुद्रात जातं. या दोन नद्यांच्या मधल्या भागात लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत आहे, रासायनिक कारखान्यांनी भरलेली. 2011 साली माधव गाडगीळ यांच्या समितीनं पश्चिम घाटावर अहवाल दिला. लोट्याच्या प्रदूषणानं दाभोळ खाडीतल्या मासळीचं आणि मच्छीमारांच्या रोजगाराचं नुकसान झाल्याचं त्यात लिहिलं आहे.

तुम्ही म्हणाल, सांडपाणी तर समुद्रात वाहून जात असेल. सगळं नाही जात! चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की चमचाभर मातीतल्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग एकत्र पसरला, तर तो खोलीच्या फरशीहून मोठा भरेल. एवढ्या जागेवर धातू आणि कितीतरी रसायनं चिकटून बसतात. पाणी वर नितळ दिसतं आणि चिकटलेलं खाली राहतं.

आणि खाली कोण जेवतं? बोईट! हा मासा गाळच तोंडात घेतो, त्यातलं शेवाळ आणि कुजलेला पाला खातो. बोईटाला जिताडा खातो आणि जिताड्याला आपण. गाळात पारा असेल, तर हवा न पोचणाऱ्या काळ्या थरातले जिवाणू त्याचं मिथिल पारा नावाचं विष बनवतात. माशाच्या अंगातून ते फार सावकाश बाहेर पडतं. मग मोठा मासा जितके छोटे मासे खाईल, तितक्यांचं विष त्याच्यात साठत जातं. पाण्यातल्यापेक्षा लाखो पटींनी!

जपानमधल्या मिनामाटा गावात हेच झालं. तिथल्या रसायन कारखान्याचा पारा उपसागरात गेला, मासे खाऊन आधी मांजरं झटके येऊन पडू लागली, मग माणसं. 1956 साली तो आजार पहिल्यांदा नोंदला गेला. पारा सोडणं 1968 साली थांबलं, पण गाळ होताच! तो उपसून आणि बंदिस्त करून टाकण्याचं काम 1977 ते 1990 असं चाललं. कारखान्याची नळी बंद झाल्यावरही इतकी वर्षं.

मासा स्वतःही नोंद ठेवतो बरं का. त्याच्या डोक्यात, कानाच्या जागी, पांढरे खडे असतात. मासा वाढतो तसे त्यांच्यावर थर चढतात, आणि त्या त्या वेळच्या पाण्यातली काही मूलद्रव्यं त्या थरात अडकतात. प्रयोगशाळेत लेझरनं एकेक थर तपासून मासा कधी गोड्या पाण्यात होता आणि कधी खाऱ्या, हे सांगता येतं. ढोमीच्या डोक्यातले खडे चांगले मोठे असतात. पुढच्या वेळी घरात ढोमी आली, तर आजीला आधीच सांगून ठेवा, डोकं फेकू नकोस म्हणून.