जखमेच्या आधीची शल्यचिकित्सा

मुंबईत टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसून पट्टा लावायचा प्रयत्न करून पाहा. बऱ्याचदा त्याचे बक्कल सीटच्या कव्हराखाली गेलेले असते. ते ओढून काढायला लागलो, की चालक आरशातून पाहत म्हणतो, ‘राहू द्या साहेब, मागे कोण विचारतंय!’ साठ वर्षांपूर्वी पुढच्या सीटबद्दलही लोकांची हीच वृत्ती होती, आणि तीही जगभर. पट्टा लावणे कायद्याने सक्तीचे करणारे पहिले सरकार ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचे. त्यामागे सर्जनांच्या एका संघटनेचा मोठा रेटा होता.

रॉयल ऑस्ट्रेलेशियन कॉलेज ऑफ सर्जन्स हे तिचे नाव. नावात कॉलेज असले तरी ही शल्यचिकित्सकांची व्यावसायिक संस्था. स्थापना 1927 ची, मुख्यालय मेलबर्नला. सर्जन घडवायचे, त्यांच्या परीक्षा घ्यायच्या, हे तिचे मुख्य काम. कायदे कसे असावेत हे सांगणे त्यात येते का, असा प्रश्न तेव्हा कोणालाही पडला असता.

पण रस्त्यावरची परिस्थिती बिकट होती. 1969 मध्ये व्हिक्टोरियात 1,034 माणसे अपघातांत गेली. राज्याची लोकसंख्या तेव्हा जेमतेम 34 लाख, म्हणजे साधारण आपल्या पुणे शहराएवढी. मेलबर्नच्या ‘सन’ या दैनिकाने तर 1034 या आकड्याविरुद्धच युद्ध पुकारले. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वो कंपनीने 1959 मध्येच आणला होता. अनेक गाड्यांत पट्टे होतेही. फक्त ते लावत नसत.

सर्जनांकडे एक गोष्ट अशी होती, जी आमदारांकडे नव्हती. गाडी कशी धडकली हे पोलीस सांगू शकतात. माणूस गाडीच्या आत कशावर आदळला, हे टेबलावरच्या जखमा सांगतात. गाडी थांबते, पण पट्टा नसलेले शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. गुडघा डॅशबोर्डवर आपटून मांडीचे हाड खुब्यातून मागे सटकते, छाती स्टिअरिंगवर चेपते, चेहरा काचेत जातो. दार उघडले तर माणूसच बाहेर फेकला जातो. संस्थेने अपघातांतल्या दुखापतींसाठी वेगळी समिती नेमली, जखमांची पद्धतशीर नोंद सुरू केली आणि ती माहिती घेऊन थेट राज्यकर्त्यांचे दार ठोठावले.

आक्षेप आपल्या ओळखीचेच होते. माझ्या गाडीत मी काय करावे हे सरकारने का सांगावे? गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर पट्ट्यात अडकून मरायचे का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सोपे होते. असे अपघात फार थोडे, आणि त्यातूनही सुटायचे तर आधी शुद्धीवर असावे लागते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र वादाचे, आणि ते वादाचेच राहणार. तरीही 22 डिसेंबर 1970 पासून पट्टा सक्तीचा झाला. त्या वर्षी मृत्यू 1,061 होते, पुढच्या वर्षी 923. वर्षभरात जवळपास साऱ्या ऑस्ट्रेलियाने तो कायदा उचलला.

यानंतरची मागणी संस्थेला जास्त जड गेली असणार. अपघातातून रुग्णालयात आलेल्या प्रत्येक प्रौढाच्या रक्तातले मद्य तपासा, असा तिचा आग्रह होता आणि व्हिक्टोरियात 1974 मध्ये तसा कायदा झाला. पण रक्त काढणार कोण? डॉक्टरच. ज्याचा जीव वाचवायचा, त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याच हातांनी गोळा करायचा! मला स्वतःला ही गोष्ट पूर्णपणे पचत नाही. मात्र दारू आणि अपघात यांचे नाते किती घट्ट आहे, हे त्या नमुन्यांनी आकड्यांत दाखवले, हेही खरे. आज व्हिक्टोरियाची लोकसंख्या दुप्पट झाली आहे आणि वर्षाला साधारण 300 जण रस्त्यावर दगावतात. याचे श्रेय एकट्या सर्जनांना देता येणार नाही. गाड्या, रस्ते आणि वेगावरची नजर, सगळेच सुधारले.

आपल्याकडेही हा मार्ग एका सर्जननेच धरला. कोइम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन इंडियन ऑर्थोपेडिक असोसिएशनचे अध्यक्ष होते. रस्ते सुरक्षेसाठी त्यांनी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून 2014 मध्ये न्या. के. एस. राधाकृष्णन यांची समिती आली आणि राज्यांना जाब विचारू लागली. 2017 च्या निकालात न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक ट्रॉमा केअर सेंटर असावे, असेही बजावले. आपल्या जिल्ह्यात ते कुठे आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

मात्र मेलबर्नला जे विधिमंडळात झाले, त्यासाठी इथे न्यायालयात जावे लागले. आणि कायदा तर आधीपासून होताच. दुचाकीवरच्या दोघांनीही हेल्मेट घालावे, हे 1988 च्या मोटार वाहन कायद्यातच आहे. तरी 2019 च्या सुरुवातीला पुण्यात पोलिसांनी कारवाई कडक केली, तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधात लोक रस्त्यावर उतरले. 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 50,029 दुचाकीस्वार आणि पट्टा न लावलेले 16,715 जण दगावले. हे आकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचेच.

त्याच वर्षी 4 सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघे जखमी होऊन वाचले, पट्टा न लावता मागे बसलेले दोघे गेले. नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्या सीटवरही पट्ट्याची सक्ती जाहीर केली.

तेव्हा कव्हराखालचे बक्कल काढाच, पण पट्टा नीट लावा. कमरेचा भाग पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट बसायला हवा. पोटावरून गेलेला पट्टा धडकेत आतडे फाडू शकतो. गर्भवतींनी तो पोटाच्या खालून घ्यावा. वरचा भाग खांद्यावरून आणि छातीच्या मधून जाऊ द्या, काखेतून नव्हे.