बॉम्ब पडण्याआधीचं एक वर्ष

सप्टेंबर १९३८चा शेवटचा आठवडा. लंडनच्या रस्त्यांवरून लाउडस्पीकर लावलेल्या मोटारी फिरत होत्या आणि लोकांना गॅस मास्क घेऊन जायला सांगत होत्या. शाळांमध्ये, नगरपालिकांच्या सभागृहांत रांगा लागल्या. काळ्या रबराचा मुखवटा, डोळ्यांसमोर पारदर्शक पट्टी, पुढे डब्यासारखी गाळणी. हनुवटी आधी आत घालायची, मग पट्टे डोक्यामागे ओढायचे. रबराच्या वासाने लहान मुलांना ओकारी यायची. काही दिवसांत सुमारे ३ कोटी ८० लाख मास्क वाटले गेले. एवढं झालं तरी आयांचा एक प्रश्न तसाच राहिला: कडेवरच्या तान्ह्या बाळाचं काय? बाळांसाठी मास्क तयारच नव्हते. रांगेतून घरी परतलेल्या आईच्या हातात स्वतःचा मास्क होता, नवऱ्याचा होता, मोठ्या मुलाचा होता, फक्त धाकट्याचा नव्हता. त्या रात्री तिने काय करायचं, हे कोणत्याच सरकारी पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

महायुद्धाचा इतिहास आपण सहसा ३ सप्टेंबर १९३९पासून वाचतो. त्याआधीचं वर्ष मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षात ब्रिटनमधली सामान्य माणसं युद्धाच्या उंबरठ्यावर उभी होती. ती घाबरली होती, एकमेकांशी भांडत होती, आणि बरेचदा एकाच माणसाच्या मनात दोन्ही बाजू बोलत होत्या. पुढे चर्चिलच्या भाषणांनी जो एकदिलाने लढणारा देश आपल्यासमोर उभा केला, तो या वर्षात शोधून सापडत नाही.

भीतीला कारण होतं. १९३२मध्ये ज्येष्ठ नेते स्टॅन्ली बाल्डविन यांनी संसदेत सांगून टाकलं होतं, की कितीही बंदोबस्त केला तरी बॉम्बफेकी विमान आत घुसणारच. २६ एप्रिल १९३७ला स्पेनच्या यादवी युद्धात गेर्निका हे शहर विमानांनी उद्ध्वस्त केलं आणि सिनेमागृहांतल्या वार्तापटांतून युद्धाचं आकाशातून येणारं रूप लोकांनी पाहिलं. सरकारी हिशेब तर याहून भयानक होते. पहिल्या महायुद्धातल्या थोड्याशा हवाई हल्ल्यांवरून अधिकाऱ्यांनी गुणाकार मांडला: एक टन बॉम्बमागे ५० माणसं मृत किंवा जखमी. त्यावरून १९३७चा अंदाज निघाला, की पहिल्या ६० दिवसांत ६ लाख माणसं मरतील आणि १२ लाख जखमी होतील. दफनाचे छापील फॉर्म तयार झाले, कागदाच्या लगद्याच्या शवपेट्यांचा विचार झाला. प्रत्यक्षात सहा वर्षांच्या युद्धात बॉम्बहल्ल्यांत मेलेले ब्रिटिश नागरिक सुमारे ६० हजार. हा आकडाही लहान नाही. पण १९३८च्या माणसाला तो ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्याच्या कानांवर लाखांचे आकडे पडत होते.

म्हणून ३० सप्टेंबरला पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन म्युनिकहून हिटलरशी झालेल्या समझोत्याचा कागद घेऊन परतले तेव्हा रस्त्यांवर लोटलेल्या गर्दीला मूर्ख म्हणायला माझी जीभ वळत नाही. चर्चमध्ये आभाराच्या प्रार्थना झाल्या, पंतप्रधानांच्या घरी पत्रांचा ढीग पडला. हाइड पार्कमध्ये घाईघाईने खणलेल्या खंदकांत पावसाचं पाणी साचू लागलं. मुलगा घरीच राहणार, एवढंच त्या गर्दीतल्या आईला कळलं होतं. पण या सुटकेची किंमत दुसऱ्या कोणीतरी चुकवली, हेही तितकंच खरं. १ ऑक्टोबरला जर्मन फौजा चेकोस्लोव्हाकियाच्या सुडेटन भागात शिरल्या आणि तिथल्या चेक व ज्यू कुटुंबांनी बोचकी बांधली. म्युनिकच्या वाटाघाटीत चेक सरकारला बसायला खुर्चीसुद्धा मिळाली नव्हती.

हे ब्रिटनमध्येही अनेकांना बोचत होतं. नौदलमंत्री डफ कूपर यांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरमधल्या ऑक्सफर्डच्या पोटनिवडणुकीत म्युनिक हाच मुद्दा झाला. सरकारचे उमेदवार क्विंटिन हॉग निवडून आले, पण मताधिक्य घटलं. पुढच्याच महिन्यात ब्रिजवॉटरला म्युनिकचे विरोधक, पत्रकार व्हर्नन बार्टलेट जिंकले. मास ऑब्झर्वेशन ही संस्था १९३७पासून सामान्य लोकांची मतं, वागणं, रस्त्यावरचं बोलणं टिपून ठेवत होती. तिच्या नोंदींत म्युनिकच्या पंधरवड्यात लोकांचं मत दिवसागणिक पालटताना दिसतं: आज चेंबरलेन यांचं कौतुक, चार दिवसांनी चेकांचा घात केल्याची लाज, पुन्हा दोन दिवसांनी युद्ध टळल्याचा निःश्वास. म्युनिकनंतरच्या जनमत चाचण्यांतही तेच. चेंबरलेन यांच्यावर निम्म्याहून थोडे अधिक लोक समाधानी होते, पण हिटलरच्या शब्दावर विश्वास ठेवणारे फारच थोडे. या दोन गोष्टी एका मनात नांदू शकतात. कर्ज फेडायची ऐपत नसलेला माणूस सावकाराने मुदत वाढवली की त्या रात्री शांत झोपतो. सावकार सज्जन झाला असं त्याला वाटत नसतं.

शांततावाद्यांविषयी आज जरा तुच्छतेनेच लिहिलं जातं. ते बहुतेक भित्रे नव्हते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने सुमारे साडेसात लाख तरुण गमावले होते. गावोगावच्या स्मारकांवर त्यांची नावं कोरलेली होती. १९३४-३५च्या 'पीस बॅलट' या शांततेविषयीच्या मतचाचणीत १ कोटी १० लाखांहून अधिक लोकांनी मतं नोंदवली. डिक शेपर्ड या पाद्र्याने सुरू केलेल्या 'पीस प्लेज युनियन'चे सदस्य लाखावर गेले. आपण कुठल्याही युद्धात भाग घेणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी सही करून दिली होती. लेखिका व्हेरा ब्रिटन त्यांत होत्या. पहिल्या युद्धात त्यांचा वाग्दत्त वर, सख्खा भाऊ आणि जवळचे मित्र गेले होते, आणि त्या स्वतः परिचारिका म्हणून जखमींमध्ये वावरल्या होत्या. त्यांनी काढलेला निष्कर्ष: पुन्हा नाही, कधीच नाही. 'विनी द पूह'चे लेखक ए. ए. मिल्न हेही त्याच युद्धात सोमच्या आघाडीवर होते. १९३४मध्ये त्यांनी युद्धाविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं, आणि १९४०मध्ये दुसरं पुस्तक लिहून हिटलरशी लढलंच पाहिजे असं सांगितलं. त्याच चिखलातून आलेल्या दोन माणसांची उत्तरं दोन दिशांना गेली. दोघांपैकी एकालाही मी खोटं ठरवू शकत नाही, मिल्न बरोबर होते असं मानूनसुद्धा.

मे १९३९मध्ये २० वर्षांच्या मुलांसाठी सक्तीचं लष्करी प्रशिक्षण आलं. ही मुलं पहिलं युद्ध संपल्याच्या सुमारास जन्मलेली. ते युद्ध सगळ्या युद्धांचा शेवट करण्यासाठी होतं, असं त्यांच्या बापांना सांगितलं गेलं होतं. ज्यांना सदसद्विवेकबुद्धीमुळे शस्त्र धरायचं नव्हतं त्यांना न्यायासनासमोर उभं राहून आपला प्रामाणिकपणा पटवावा लागे. युद्ध संपेपर्यंत अशा नोंदी सुमारे ६० हजारांवर गेल्या. या वादात किती घरांत बाप आणि मुलगा समोरासमोर आले असतील, याची कल्पना करता येते. रणांगण पाहिलेला बाप मुलाला 'जाऊ नकोस' म्हणे आणि स्पेनच्या बातम्या वाचणारा मुलगा 'गेलंच पाहिजे' म्हणे, असंही होई. आणि नेमकं याच्या उलटही.

एक वाद अगदी जमिनीवरचा होता: लपायचं कुठे? नागरी संरक्षणाची जबाबदारी सर जॉन अँडरसन यांच्याकडे होती. हे आधी बंगालचे गव्हर्नर. १९३४मध्ये दार्जिलिंगजवळ लेबाँगच्या घोड्यांच्या शर्यतीत क्रांतिकारकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. फेब्रुवारी १९३९पासून घरोघर पोहोचू लागलेला निवारा त्यांच्याच नावाने ओळखला गेला. नालीदार, वाकवलेले पोलादी पत्रे. साडेसहा फूट लांबी, साडेचार फूट रुंदी, सहा माणसं दाटीवाटीने. परसात चार फूट खड्डा खणून तो उभा करायचा आणि वर पंधरा इंच माती चढवायची. वर्षाला २५० पौंडांपर्यंत मिळकत असलेल्यांना तो फुकट. लोकांनी त्यावर भाज्या आणि फुलझाडं लावली. खाली मात्र पाऊस पडला की घोटाभर पाणी.

पण परस नसेल तर? ईस्ट एंडच्या दाटीवाटीच्या वस्तीत, गोदीकामगारांच्या खोल्यांना अंगण कुठलं? आणि बॉम्ब पडणार तेही गोदीवर. शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन स्पेनमधले हवाई हल्ले पाहून आले होते. सगळ्यांसाठी जमिनीखाली खोल निवारे बांधा, अशी मोहीम त्यांनी चालवली. (हेच हाल्डेन पुढे १९५७मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले.) सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष लॉर्ड हेली, म्हणजे पंजाबचे आणि संयुक्त प्रांतांचे माजी गव्हर्नर. एप्रिल १९३९मध्ये खोल निवाऱ्यांना नकार मिळाला. वेळ आणि पैसा ही कारणं होतीच. शिवाय एकदा खाली गेलेले लोक वर येऊन कामाला लागणार नाहीत, अशी धास्ती सरकारदरबारी होती. सामान्य माणसाच्या धैर्यावर राज्यकर्त्यांचा विश्वास नव्हता, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात वाईट वाटतं. १९४०मध्ये बॉम्ब पडू लागले तेव्हा लंडनकरांनी भुयारी रेल्वेची स्टेशनं स्वतःच ताब्यात घेतली, फलाटावर रात्र काढली आणि सकाळी उठून कामावर गेले.

१९३९चा ऑगस्ट आला तोवर बाळांचे मास्क तयार झाले होते. बाळाला कमरेपर्यंत त्यात घालायचं आणि आईने बाजूच्या हातभात्याने सतत हवा भरत राहायची. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी लाल-निळ्या रंगाचा 'मिकी माऊस' मास्क आला. टपालपेट्यांच्या माथ्यावर विषारी वायू आला की रंग बदलणारा लेप चढवला गेला. २३ ऑगस्टला जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांचा करार झाला आणि उरलीसुरली आशा संपली. दुकानांतून काळं कापड आणि टॉर्चच्या बॅटऱ्या नाहीशा झाल्या. नॅशनल गॅलरीची चित्रं वेल्सकडे रवाना झाली.

मग १ सप्टेंबरला मुलं निघाली. तीन दिवसांत सुमारे १५ लाख जणांना शहरांतून खेड्यांत हलवलं गेलं: शाळकरी मुलं, लहान मुलांच्या आया, गरोदर बायका, शिक्षक. कोटाला नावाचं लेबल, खांद्याला मास्कचं खोकं. गाडी कुठे जाणार हे आईबापांना सांगितलेलं नव्हतं. मुलाने पोहोचल्यावर कार्ड टाकायचं, तेव्हा पत्ता कळणार. अनेक आयांनी शेवटच्या क्षणी नकार दिला. मरायचंच तर सगळे एकत्र मरू, हे त्यांचं म्हणणं. लंडनमधली निम्म्याच्या आसपास शाळकरी मुलं गेली, शेफील्डमधून जेमतेम १५ टक्के. कुठली आई बरोबर होती? त्या सकाळी याचं उत्तर जगात कोणाकडेच नव्हतं. पलीकडे खेड्यातल्या सभागृहात गावकऱ्यांनी मुलं निवडून नेली. धडधाकट आणि चुणचुणीत मुलांना घर लवकर मिळालं, मळकी आणि भावंडांचा हात न सोडणारी रात्रीपर्यंत बाकावर बसून राहिली. उवा आणि ओली अंथरुणं यांवरून यजमानांच्या तक्रारी सुरू झाल्या आणि सुखवस्तू इंग्लंडला शहरी गरिबी पहिल्यांदा आपल्या घरात दिसली. बॉम्ब काही पडले नाहीत, आणि जानेवारी १९४०पर्यंत बहुसंख्य लोक आपापल्या घरी परतले होते.

त्याच आठवड्यातली एक गोष्ट वाचताना मला अजूनही त्रास होतो. जनावरांना शक्य असेल तर खेड्यात पाठवा, कोणाकडेच सोपवता येत नसेल तर त्यांना मारणंच दयाळूपणाचं, असा सल्ला सरकारी पत्रकात होता. हुकूम नव्हता. तरीही पशुवैद्यांच्या दारात रांगा लागल्या आणि एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लाख कुत्री-मांजरं मारली गेली. प्राणिदयेच्या संस्था 'थांबा, घाई करू नका' म्हणत होत्या. लंडनवरचे मोठे हल्ले सुरू व्हायला अजून वर्ष होतं. या लोकांचं आपल्या जनावरांवर प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. बॉम्बवर, हिटलरवर, पंतप्रधानांवर त्यांचा काहीच इलाज चालत नव्हता. दारापाशी शेपूट हलवणाऱ्या त्या एका जिवाचं काय करायचं, एवढाच निर्णय त्यांच्या हातात उरला होता, आणि तो त्यांनी भीतीच्या भरात घेऊन टाकला.

३ सप्टेंबरच्या रविवारी सकाळी सव्वाअकराला चेंबरलेन यांनी रेडिओवरून देश युद्धात उतरल्याचं सांगितलं. त्यांचं बोलणं संपून काही मिनिटं होतात तोच लंडनमध्ये भोंगे वाजले. तो इशारा चुकीचा होता. त्याच दिवशी बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावात नेला लास्ट या गृहिणीने मास ऑब्झर्वेशनसाठी रोजनिशी लिहायला घेतली. तिचा धाकटा मुलगा लष्करात जाण्याच्या बेतात होता. पुढे जवळजवळ तीस वर्षं ती लिहीत राहिली.

आपल्याकडे त्या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणाही भारतीय नेत्याला न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. त्याआधी २३ जुलैला गांधीजींनी वर्ध्याहून हिटलरला पत्र लिहून युद्ध टाळण्याची विनंती केली होती. सरकारने ते पुढे जाऊच दिलं नाही. सप्टेंबरच्या मध्याला काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यातच बसली, आणि तिथेही एकमत नव्हतंच. ब्रिटनला बिनशर्त नैतिक पाठिंबा द्यावा, असं म्हणणारे गांधीजी एकटे पडले. १९३८चा उन्हाळा युरोपात काढलेले नेहरू फॅसिझमचे कट्टर शत्रू. पण स्वतः गुलाम असलेला देश दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी कसा लढणार, हा त्यांचा सवाल ठरावात उतरला. सुभाषबाबूंना ब्रिटिशांविरुद्ध लगेच लढा हवा होता.

मास ऑब्झर्वेशनची प्रश्नावली परळ-लालबागच्या चाळींत पोहोचली नव्हती. तिथल्या माणसांचं मत गिरणीच्या फाटकावर ऐकावं लागतं. २ ऑक्टोबर १९३९ला मुंबईच्या सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. महागाईची झळ आणि आपल्याला न विचारता लादलेलं युद्ध, दोन्हींचा राग त्यात होता. आणि याच युद्धात पुढे देशभरातून २५ लाखांच्या आसपास माणसं स्वखुशीने फौजेत गेली. कोकणातली, देशावरची, गिरणगावात भाऊबंद असलेलीही त्यांत होती. ती पगारासाठी गेली, परंपरेसाठी गेली, काही फॅसिझमविरुद्ध म्हणून गेली. संपावर गेलेला भाऊ आणि फौजेत गेलेला भाऊ सुटीत गावी भेटले असतील तेव्हा माजघरात जो वाद झाला असेल, तो नेला लास्टच्या रोजनिशीइतकाच आपल्या इतिहासाचा भाग आहे. ज्या घरांत त्या काळची पत्रं, मनीऑर्डरीच्या पावत्या अजून ट्रंकेत असतील, त्यांनी त्या जपाव्यात आणि कोणाला तरी वाचायला द्याव्यात.