घरगुती शीतन व तापन यंत्रणांचा खर्च

घरगुती शीतन व तापन यंत्रणांचा खर्च म्हणजे राहत्या घरातील हवा अथवा पाणी थंड किंवा उष्ण करणारी साधने विकत घेणे, बसवणे, चालवणे आणि त्यांची निगा राखणे यांसाठी कुटुंबास करावा लागणारा एकूण व्यय होय. वातानुकूलन यंत्र (एसी), कूलर, गीझर, सौर जलतापक आणि उष्णता पंप ही या वर्गातील प्रमुख साधने आहेत. दुकानातील किंमत हा या खर्चाचा केवळ एक भाग असतो. यंत्र दहा वर्षे वापरले, तर त्या काळातील विजेचे देयक अनेकदा मूळ किमतीहून अधिक भरते. प्रस्तुत लेखात मुख्यतः भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, परिस्थितीचा विचार केला आहे.

खर्चाचे घटक

या खर्चाचे चार भाग पडतात : यंत्राची किंमत व कर, बसवणीचा खर्च, वीज अथवा पाण्याचा आवर्ती खर्च आणि देखभाल-दुरुस्ती. पहिले दोन भाग एकदाच द्यावे लागतात. उरलेले दोन यंत्राच्या आयुष्यभर चालू राहतात. खरेदीच्या वेळी पहिलाच भाग डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे स्वस्त वाटलेले यंत्र पुढे महाग ठरण्याचा संभव असतो.

भारतात १ जुलै २०१७ पासून वातानुकूलन यंत्रांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जात असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर १८ टक्के करण्यात आला.

क्षमता : 'टन' या एककाचा अर्थ

वातानुकूलन यंत्राची क्षमता 'टन' या एककात सांगतात. हा यंत्राच्या वजनाचा आकडा नव्हे. यंत्रे प्रचारात येण्यापूर्वी शीतनासाठी नैसर्गिक बर्फ वापरला जाई; त्या काळाची ही खूण आहे. सुमारे ९०७ किलोग्रॅम, म्हणजे एक अमेरिकी टन, बर्फ २४ तासांत वितळण्यासाठी ज्या दराने उष्णता शोषली जाते, तो दर म्हणजे एक टन. हा दर सुमारे ३.५ किलोवॅट इतका भरतो.

ढोबळ मानाने १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीस १ टन आणि १५० ते १८० चौरस फुटांच्या खोलीस १.५ टन क्षमता पुरेशी मानली जाते. तथापि, वरच्या मजल्यावरील तापणारे छत, पश्चिमेची भिंत, मोठ्या काचेच्या खिडक्या व खोलीतील माणसांची संख्या यांमुळे ही गरज वाढते. गरजेपेक्षा लहान यंत्र अखंड चालत राहते. गरजेपेक्षा फार मोठे यंत्र खोली लवकर थंड करून वारंवार बंद पडते व हवेतील दमटपणा पुरेसा काढत नाही. दोन्ही प्रकारांत पैसा वाया जातो.

बसवणीचा खर्च

खिडकीत बसणाऱ्या एसीची सर्व यंत्रणा एकाच पेटीत असल्याने त्याची बसवणी सोपी असते. स्प्लिट एसीचे आतील व बाहेरील असे दोन भाग तांब्याच्या नळ्यांनी जोडावे लागतात. यंत्रासोबत साधारणतः ३ मीटर लांबीची नळी मिळते. अंतर जास्त असल्यास पुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे पडतात. बाहेरील भागासाठी लोखंडी स्टँड, भिंतीला छिद्र पाडणे, पाणी वाहून नेणारी नळी, उंचावर काम करावे लागल्यास त्याची मजुरी आणि आवश्यक तेथे स्टॅबिलायझर यांचाही खर्च धरावा लागतो. 'मोफत बसवणी' अशा जाहिरातीत यांपैकी कोणत्या बाबी धरलेल्या आहेत, हे खरेदीपूर्वी लेखी विचारून घेणे हिताचे असते.

नळ्या जोडल्यानंतर त्यांतील हवा व बाष्प निर्वात पंपाने काढून टाकणे आवश्यक असते. वेळ वाचवण्यासाठी हे काम टाळले गेल्यास आत राहिलेल्या दमटपणामुळे कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते. सांधे नीट न जुळल्यास शीतक वायू हळूहळू गळून जातो आणि 'गॅस भरण्याचा' खर्च पुन्हा पुन्हा उद्भवतो. सध्या बऱ्याच घरगुती यंत्रांत वापरला जाणारा आर-३२ हा शीतक सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे लागते.

जुन्या घरात विजेच्या तारांची जाडी अपुरी असल्यास एसीसाठी स्वतंत्र तार, योग्य क्षमतेचा एमसीबी व अर्थिंग यांची सोय करावी लागते. घराचा मंजूर भार वाढवावा लागल्यास वीज वितरण कंपनीकडे अर्ज करून शुल्क व वाढीव सुरक्षा ठेव भरावी लागते. थ्री फेज जोडणी घेतल्यास मासिक स्थिर आकारही वाढतो.

विजेचा आवर्ती खर्च

भारत सरकारची ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही संस्था २००२ मध्ये स्थापन झाली. तिने २००६ मध्ये विद्युत उपकरणांसाठी तारांकन योजना सुरू केली. एसीच्या तारांकनपट्टीवर वर्षाला लागणाऱ्या विजेचा आकडा छापलेला असतो. हा आकडा वर्षातून १,६०० तासांचा वापर गृहीत धरून काढतात, हे तो वाचताना ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे. तारांकनाचे निकष वेळोवेळी कडक केले जातात, त्यामुळे जुन्या पट्टीवरील पाच तारे व नव्या पट्टीवरील पाच तारे समान नसतात.

पुढील उदाहरणातील आकडे केवळ गणित समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एक एसी ३६,००० रुपयांचा असून वर्षाला १,००० युनिट वीज घेतो. दुसरा ४६,००० रुपयांचा असून ७५० युनिट घेतो. विजेचा दर प्रतियुनिट १० रुपये धरल्यास दुसऱ्या यंत्रामुळे वर्षाला २,५०० रुपये वाचतात व किमतीतील फरक ४ वर्षांत भरून निघतो. १० वर्षांचा हिशेब केल्यास पहिल्याचा खर्च १,३६,००० रुपये, तर दुसऱ्याचा १,२१,००० रुपये होतो. मात्र वापर निम्माच, म्हणजे ८०० तास असेल, तर फरक भरून निघण्यास ८ वर्षे लागतात. म्हणून अधिक तारांचे यंत्र सर्वांनाच सारखे फायदेशीर ठरत नाही. ज्या घरात यंत्र जास्त तास चालते, तेथे त्याची अधिक किंमत सार्थकी लागते.

वीजदराची रचनाही या हिशेबात मोलाची आहे. महावितरणच्या घरगुती ग्राहकांचे दर मासिक १००, ३०० व ५०० युनिट या टप्प्यांनुसार वाढत जातात. पंखे, दिवे व फ्रिज यांचा वापर आधीपासून असतोच. एसीचे युनिट त्यावर चढतात व वरच्या, महागड्या टप्प्यात मोडतात. त्यामुळे एसीच्या खर्चाचा अंदाज बांधताना देयकातील सरासरी दर न घेता शेवटच्या टप्प्याचा दर घ्यावा लागतो.

तापमानाची निवड हा बिनपैशाचा उपाय आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच २४ अंश सेल्सिअसवर चालू होतील, असा नियम आहे. तापमान एका अंशाने वाढवून ठेवल्यास सुमारे ६ टक्के विजेची बचत होते, असे ब्युरोचे म्हणणे आहे.

कूलर आणि हवामान

विदर्भ, खानदेश व मराठवाडा या भागांतील उन्हाळा कोरडा असल्याने तेथे कूलर परिणामकारक ठरतो. पाण्याचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते, या तत्त्वावर तो चालतो. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनात सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते. दारे-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून ते भिजवण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. कूलरची किंमत एसीच्या मानाने बरीच कमी असते व त्याला लागणारी वीज दीड टनाच्या एसीच्या काही अंशच असते.

कूलरला मर्यादाही आहेत. मुंबई, कोकण व गोवा येथील दमट हवेत बाष्पीभवन मंदावते व खोलीतील ओलावा मात्र वाढतो. मोठ्या कूलरला दिवसभरात शंभराहून अधिक लिटर पाणी लागू शकते. पाणीटंचाईच्या भागात हाच त्याचा खरा खर्च ठरतो. शिवाय लोखंडी पत्र्याच्या कूलरमध्ये वीज व पाणी एकत्र येत असल्याने अर्थिंग सदोष असल्यास विजेचा धक्का बसून प्राणघातक अपघात होतात. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढणे आणि योग्य अर्थिंग करून घेणे या बाबतीत काटकसर करणे धोक्याचे आहे.

तापन

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत खोली उबदार ठेवण्यापेक्षा पाणी तापवण्यावरच अधिक खर्च होतो. १५ लिटर पाण्याचे तापमान ३० अंशांनी वाढवण्यास सुमारे अर्धे युनिट वीज लागते. चार-पाच माणसांच्या घरात रोजचा हा आकडा वर्षाअखेरीस मोठा होतो. सौर जलतापकाचा उभारणी खर्च गीझरपेक्षा जास्त असला, तरी ऊन असेपर्यंत त्यास जवळपास वीज लागत नाही. पुणे महानगरपालिका असे जलतापक बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देते. सामायिक गच्ची असलेल्या इमारतीत मात्र त्यासाठी गृहनिर्माण संस्थेची संमती लागते.

उष्णता पंप हे यंत्र एसीचेच तत्त्व उलट दिशेने वापरते. ते उष्णता निर्माण न करता बाहेरच्या हवेतून आत आणते, म्हणून अनुकूल परिस्थितीत एका युनिट विजेच्या मोबदल्यात सुमारे तीन युनिट उष्णता मिळते. थंड देशांत याचा प्रसार करण्यासाठी सरकारे उभारणीचा काही भार उचलतात. इंग्लंड व वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून हवेतील उष्णता वापरणाऱ्या पंपासाठी ७,५०० पौंडांचे अनुदान देण्यात येऊ लागले.

सामाजिक बाजू

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ मधील अहवालानुसार, जगातील सर्वाधिक उष्ण प्रदेशांत राहणाऱ्या २८० कोटी लोकांपैकी केवळ ८ टक्के लोकांकडे एसी होते. ज्यांच्या घरावर पत्र्याचे छप्पर असते, त्यांच्या घरात उष्णतेचा त्रास सर्वाधिक असतो व यंत्र घेण्याची ऐपत सर्वांत कमी असते. भाडेकरूंची अडचण वेगळी असते. घराच्या भिंती व छत सुधारण्याचा अधिकार मालकाकडे आणि विजेचे देयक भाडेकरूकडे, अशी विभागणी असल्याने स्वस्तातले, पण जास्त वीज घेणारे यंत्र घेण्याकडे कल राहतो.

यासाठी यंत्राआधी घर थंड ठेवण्याच्या उपायांना महत्त्व दिले जाते. गच्चीवर चुन्याचा किंवा सूर्यप्रकाश परावर्तित करणारा पांढरा थर देणे, खिडक्यांवर छज्जे व बाहेरून पडदे लावणे, पश्चिमेस झाडे लावणे हे उपाय तुलनेने कमी खर्चाचे आहेत. भारत सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शीतन कृती आराखड्यातही शीतनाची मागणीच कमी करण्यावर भर आहे. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये शीत छतांचे धोरण जाहीर केले. घरात शिरणारी उष्णता आधीच कमी झाली, तर लहान क्षमतेचे यंत्र पुरते, आणि काही घरांत पंख्यावरही भागते.

हे सुद्धा पहा

वातानुकूलन
कूलर
सौर जलतापक
उष्णता पंप
ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो
उष्णतेची लाट