‘एक्स्पोसितो’ : एका स्पॅनिश आडनांवाची हकीकत

हजेरी घेतांना आडनांवें आपण रोज ऐकतों. परंतु तीं प्रथम कोणी ठेविलीं हा विचार क्वचितच मनांत येतो. स्पेन देशांत प्रत्येकास दोन आडनांवें असतात, एक पित्याकडील व दुसरें मातेकडील. विवाहानंतरहि स्त्री आपलीं आडनांवें सोडीत नाहीं. तेथील ‘फेर्नांदेस’ म्हणजे फेर्नांदोचा पुत्र. (त्याचेंच पोर्तुगीज रूप ‘फर्नांडिस’ आपण गोव्यांत व वसईकडे ऐकतों.) मग ज्या अर्भकाचीं मातापितरें दोन्ही अज्ञात, त्यास काय म्हणावें?

त्यास पुष्कळदां ‘एक्स्पोसितो’ हें आडनांव देत. हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा अर्थ ‘बाहेर ठेवलेला’ असा आहे. दारिद्र्यामुळें किंवा लोकलज्जेमुळें टाकलेल्या मुलांसाठीं माद्रिदसारख्या नगरांत धर्मादाय गृहें होतीं. त्यांच्या भिंतींत लांकडाचें एक फिरतें पिंप बसविलेलें असे. आईनें बाळ त्यांत ठेवून घंटा वाजवावी व निघून जावें. आंतील बाईनें पिंप फिरवून बाळ उचलावें. एकमेकींचें तोंड दिसूं नये, हाच हेतु. कधीं बाळाच्या अंगावर चिठ्ठी किंवा फीत असे, पुढेंमागें ओळख पटावी म्हणून. या गृहांतील कितीतरी अर्भकें वर्षाच्या आंतच दगावत.

राजा चौथा कार्लोस यानें १७९४ सालीं फर्मान काढिलें कीं, अशा मुलांस कायद्यानें औरस समजावें आणि त्यांस अनौरस म्हणून हिणविणारास शिक्षा व्हावी. आम्हांस हें फर्मान त्या काळाच्या मानानें फार थोर वाटतें. तथापि शिवी देणारास शासन झालें तरी आडनांव तेंच राहिलें. आणि आडनांव तर पित्याकडून पुत्राकडे जाणारें! टाकलेल्या मुलाचा नातू आईबापांच्या मांडीवर वाढला, तरी चारचौघांत तो ‘बाहेर ठेवलेला’च.

अखेर १९२१ सालीं हें आडनांव बदलण्याची मोकळीक कायद्यानें मिळाली. आणि १९५७ च्या कायद्यानें अशा मुलांस नित्याच्या वापरांतील आडनांवें देण्याचें ठरलें. तरीहि सर्वांनीं तें टाकलें नाहीं. आजहि स्पेनांत हें आडनांव आढळतें. इटलींतील नेपल्स येथें स्पेनच्या राजांनीं दोन शतकें राज्य केलें. तेथेंहि असेंच पिंप होतें; तें १८७५ सालीं बंद झालें. परंतु त्यांतून आलेलें ‘एस्पोझितो’ हें आडनांव त्या शहरांत आज इतकें रुळलें आहे कीं, वर्गांत तें पुकारल्यावर दोनतीन मुलें एकदम ‘हजर’ म्हणालीं, तर नवल नाहीं.